पापुद्र्याची मागची बाजू आधी बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेलं माडीचं घर. यजमान हयात नाहीत, मुलगा पुण्यात, मुलीचं लग्न येत्या फेब्रुवारीत. मे २०२५ मध्ये त्यांनी घराला बाहेरून रंग देऊन घेतला. शेजारच्या वाडीतला मुलगा रंगकामाची कंत्राटं घेतो. त्याची आई आणि या बाई एकाच बचत गटात आहेत. चारही भिंतींचं मिळून सुमारे २,८०० चौरस फूट काम मटेरियलसकट १,१५,००० रुपयांना ठरलं, तेही तोंडी. ८०,००० दिले, ३५,००० बाकी. 'पावसाआधी आटप म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते,' असं बाई लिहितात. शेवटचा हात २१-२२ मेला, सरी सुरू झालेल्या असतानाच मारला गेला. गणपतीला चाकरमानी घरी आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला फुगे आले होते. आता तळहाताएवढे पापुद्रे निघतात. बाकीच्या तीन बाजू धड आहेत. कंत्राटदार म्हणतो, भिंतीलाच ओल आहे, माझा दोष नाही. दिवाळीआधी वरून एक हात फुकट मारून देतो, पण माझे पैसे द्या. दीर म्हणतात, पोलिसांत फसवणुकीची तक्रार करा. मुलगा म्हणतो, सोडून दे, दुसरा माणूस बघ. शेजारीण म्हणते, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. बाईंचा प्रश्न असा: 'कागद तर काहीच केला नाही. उरलेले पैसे मी दिले नाहीत तर चुकेल का? की केस करू?'

ताई,

दोन्ही प्रश्नांकडे येतो. पण आधी एक कळकळीची विनंती: तो फुकटचा हात मारू देऊ नका, दिवाळीसाठी तर मुळीच नाही. चार महिने पाऊस खाल्लेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. तिच्यावर नवा थर चढवला की दिवाळीपुरतं घर छान दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पापुद्रा दुप्पट जाड होऊन निघेल. शिवाय काय बिघडलं याचा जो पुरावा आज भिंतीवर उघडा आहे, तो त्या रंगाखाली झाकला जाईल. तो मुलगा वाईट हेतूनं म्हणत असेल असं नाही. रंगकामात दोष निघाला की 'एक हात मारून देतो' हे ठरलेलं उत्तर असतं. पण त्यानं तुमचंही भलं होत नाही आणि त्याचंही.

तुमचं सगळं पत्र 'त्यानं मला फसवलं' इथून सुरू होतं. कष्टाच्या पैशातून, पेन्शनीतून केलेलं काम तीन महिन्यांत गळून पडलं तर राग येणारच, तो रास्त आहे. तरी तुम्हीच दिलेली एक माहिती पुन्हा वाचा. माणूस एकच, बादल्या त्याच, आठवडाही तोच, आणि तीन बाजू धड आहेत. रंगच भेसळीचा किंवा फार पातळ असता, तर त्यानं चारही बाजूंना काही ना काही रूप दाखवलं असतं. बिघाड एकाच भिंतीला झालाय, म्हणजे त्या भिंतीचं काहीतरी वेगळं आहे.

कोकणात ते वेगळं काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून तिरका येतो. जुन्या घरांना त्या अंगाला पडवी असायची किंवा पावसाळ्यापुरता माडाच्या झापांचा आडोसा बांधायचे, तो याचसाठी. आता पडवी गेली आणि गिलावा केलेली सपाट भिंत चार महिने थेट मारा खाते. चिरा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. गिलाव्याला केसाएवढी चीर असली, खिडकीच्या खालच्या पट्टीचा उतार उलटा असला किंवा भिंतीच्या माथ्याचं सिमेंट फुटलेलं असलं, तर पाणी तिथून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट शोधतं. बाहेर रंगाचा पडदा असतो. तो पडदा फुगतो.

म्हणजे 'भिंतीला ओल आहे' हे त्याचं म्हणणं बहुधा खरं आहे. पण त्या एका वाक्यानं तो सुटत नाही. ओल आधीपासून होती असं त्याचं म्हणणं असेल, तर काम घेताना त्यानं भिंत पाहून ते सांगायला हवं होतं. ओल नंतर आली असेल, तर गिलाव्याच्या भेगा बुजवल्या होत्या का, हा प्रश्न उरतो. रंगाऱ्याला आपण नुसता ब्रश चालवायचे पैसे देत नाही. 'ही भिंत आत्ता रंगवू नका' हे सांगण्याचेही देतो.

आणि इथे तुमच्याही बाजूचं थोडं बोलावं लागेल. घाई तुम्ही केलीत, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून बरं झालं. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, मोसमी पाऊस २५ मेला देवगडपर्यंत आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. त्याआधीचे चार-पाच दिवस वळिवाच्या सरींनी कोकण भिजतच होतं. जूनच्या हिशेबानं बांधलेलं वेळापत्रक तुमचं आणि त्याचं, दोघांचंही कोलमडलं. तरीही दोघांची जबाबदारी सारखी नाही. तुम्ही 'आटप' म्हणालात, पण ओल्या भिंतीवर हात मारायचा की प्रायमरवर काम थांबवून उरलेलं पावसानंतर करायचं, हे ठरवण्याचं ज्ञान त्याच्याकडे होतं, तुमच्याकडे नव्हतं. माझ्या मते दोषाचा मोठा वाटा त्याचाच, पण सगळा नाही. तडजोडीला बसताना हे मनात असू द्या. बोलणं सोपं जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. भिंतीवरून दोन-तीन पापुद्रे हलक्या हातानं सोडवा, एक वरच्या भागातला, एक खिडकीखालचा, एक जमिनीलगतचा. उन्हात धरा आणि त्यांची मागची बाजू बघा.

मागून नवा रंगच दिसतोय आणि भिंतीवर पहिला हात किंवा प्रायमर शाबूत आहे, तर शेवटचा हात खालच्या थराला धरलाच नाही. म्हणजे तो ओल्या पृष्ठभागावर मारला किंवा सुकायच्या आत पाऊस लागला. बाहेरच्या इमल्शनला कोरड्या हवेतही दोन हातांमध्ये चार-सहा तास लागतात, दमट हवेत जास्त. हा दोष कामाचा आहे.

मागच्या बाजूला पांढुरकी भुकटी आहे, बोट फिरवलं की पिठासारखी लागते, तर जुना चुना किंवा जुना सिमेंट पेंट नीट खरवडून, धुऊन न काढता वर नवं काम केलंय. हाही दोष कामाचाच. पण तसं असेल तर बाकीच्या भिंतींकडेही लक्ष ठेवा, आज धड दिसणाऱ्या बाजू पुढच्या वर्षी सुटू शकतात.

पापुद्र्याबरोबर पुट्टीचा थरही उचलून आलाय आणि खालचा गिलावा हाताला गार, ओलसर लागतोय, तर पाणी मागून आलंय. त्यातही पुट्टी कुठली वापरली ते विचारा. बाहेरच्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लागते. खोल्यांच्या आतल्या भिंतींसाठीची ॲक्रिलिक पुट्टी बाहेरच्या पावसात टिकत नाही. आणि गिलाव्यावर मिठासारखे बारीक स्फटिक चमकत असतील, तर पाणी बऱ्याच काळापासून भिंतीतून ये-जा करतंय असं समजा. ते केवळ यंदाच्या रंगाचं दुखणं नाही.

जागाही बघा. माथ्यापासून खाली ओघळ उतरलेत, की खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून सुरुवात आहे, की जमिनीपासून दोन-तीन फुटांतच जास्त आहे? पहिलं असेल तर माथा फुटलाय, दुसरं असेल तर खिडकीची पट्टी, तिसरं असेल तर जमिनीची ओल किंवा पागोळ्यांचं उडणारं पाणी. हे पापुद्रे वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर जागा आणि तारीख लिहून ठेवा. भिंतीचे फोटो लांबून आणि जवळून काढा, जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी धरा.

बादल्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण तो मुद्दा मोलाचा आहे. मागीलदारी विहिरीपाशी २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या आहेत ना? त्यांवरचं लेबल अजून वाचता येत असेल तर उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक टिपून घ्या, फोटो काढा. दोन हातांना लिटरमागे किती चौरस फूट होतात हे कंपनी माहितीपत्रकात सांगते. समजा ५० धरले, तर २,८०० चौरस फुटांना ५६ लिटर रंग हवा, म्हणजे जवळजवळ तीन बादल्या. दोनच लागल्या असतील तर रंगात पाणी जास्त घातलं किंवा कुठेतरी एकच हात झाला. तिसरी बादली त्यानं दुसऱ्या कामाला नेलीही असेल, म्हणून आरोप करू नका, दुकानाचं बिल मागा. एवढं मात्र लक्षात ठेवा, पातळ रंग लवकर फिका पडतो, तळहाताएवढा सुटत नाही. त्यामुळे बादल्यांचा हिशेब वेगळा आणि पश्चिमेच्या भिंतीचा वेगळा. दोन्ही एकत्र केलेत तर वाद घोळात जाईल.

यानंतर तिसरा माणूस आणा. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा सिव्हिल इंजिनीअर थोडी फी घेऊन भिंत पाहील आणि एक पान लिहून देईल. रंग कंपनीकडे तक्रार नोंदवलीत तर त्यांचा माणूसही बघायला येऊ शकतो. कंपनीच्या वॉरंटीकडून फार आशा मात्र ठेवू नका. ती बहुधा ठरवून दिलेल्या पद्धतीनं काम झालं असेल तरच लागू होते आणि भिंतीतल्या गळतीला वगळते. इंजिनीअर येईल तेव्हा कंत्राटदारालाही बोलवा. त्याच्या समोर, त्याच्या हातात पापुद्रा देऊन पाहणी व्हावी. त्याच्या पश्चात मिळवलेला अहवाल त्याला कटासारखा वाटेल.

आता पैसे. ३५,००० बुडवायचे का, असं तुम्ही विचारता. बुडवणं आणि रोखून धरणं यात फरक आहे. काम दुरुस्त होईपर्यंत रक्कम थांबवणं रास्त आहे, पण किती आणि कशासाठी हे त्याला लिहून कळवायला हवं. गप्प राहून पैसे न देणारी व्यक्ती पुढे कुठल्याही पंचासमोर कमजोर ठरते. पश्चिमेची भिंत साधारण ७०० चौरस फूट धरा, म्हणजे कामाचा चौथा हिस्सा. १,१५,००० चा चौथा हिस्सा होतो २८,७५०. वादातली रक्कम तेवढीच आहे. उरलेले ६,२५० धड झालेल्या तीन बाजूंचे आहेत, ते या आठवड्यात देऊन टाका आणि बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहील. त्याच्या कामगारांची मजुरी अडली असेल तर तेवढीच मोकळी होईल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही पैसे द्यायला तयार आहात, अडलंय ते फक्त त्या भिंतीवर, हे त्याला आणि गावाला दिसेल. बादल्यांचा जाब विचारायचा हक्क त्यानं जात नाही, 'बाकीच्या कामाची हरकत राखून' असं सोबत लिहा.

दुरुस्तीचा खर्चही वाटून घ्यावा असं मला वाटतं. माथ्याचं सिमेंट, खिडकीच्या पट्टीचा उतार, गिलाव्यातल्या मोठ्या भेगा हे मूळ बोलीत नव्हतं. ते आज ना उद्या तुम्हाला करावंच लागलं असतं, तो खर्च तुमचा. सुटलेला रंग पुट्टीसकट घट्ट थरापर्यंत खरवडणं, भिंत धुणं, शेवाळ मारणं, बारीक भेगा भरणं, प्रायमर आणि दोन हात, हे त्याच्या अंगावर. अगदीच त्याची कुवत नसेल तर रंग तुम्ही दुकानातून आणा, मजुरी त्याची. आणि रंगाचे पैसे त्या २८,७५० मधून वळते करा.

हे सगळं कधी? लग्न फेब्रुवारीत आहे, म्हणून जीव वरखाली होतोय हे कळतं. पण वेळ पुरेसा आहे. सुटलेला रंग आत्ताच खरवडून घ्या आणि भिंत उघडी ठेवा, फोटो आणि पाहणी झाल्यावरच. उघडी भिंत लवकर सुकते. गवंडीकाम नोव्हेंबरात करा आणि नव्या गिलाव्याला पाणी मारून पुरते चार आठवडे द्या. डिसेंबरअखेरीस दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा. कोरडा निघाला, चार ठिकाणी करून चारही ठिकाणी कोरडा निघाला, की जानेवारीत रंग. दिवाळीत ती भिंत उघडीबोडकी दिसेल. दिसू द्या.

कागद नाही म्हणून काहीच करता येणार नाही, ही तुमच्या पत्रातली आणखी एक समजूत. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी करारही करारच आहे. प्रश्न सिद्ध करण्याचा असतो. तुम्ही ८०,००० कसे दिलेत? खात्यावरून गेले असतील तर ती नोंद आहे. 'उद्या माणसं येतील', 'बाकीचे कधी देताय' असे त्याचे मेसेज मोबाइलवर असतील, तर काम त्यानंच केलं हे त्यातून दिसतं. ते पुसू नका. पुढे पुरावा म्हणून वापरायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

दिरांचा सल्ला मी मानणार नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. खराब झालेलं काम हा सहसा दिवाणी मामला ठरतो. पोलीस ठाण्यातून बहुधा हेच सांगून परत पाठवतील, आणि मग तो मुलगा भिंतीवर बोलायलाही येणार नाही. शेजारणीचा सल्ला त्याहून वाईट. ग्रुपवर 'चोर' म्हटलंत की बदनामीची तक्रार करायचं हत्यार तुम्हीच त्याच्या हातात देता, आणि तो काम सोडून अब्रू सांभाळायला लागतो. बचत गटात त्याच्या आईजवळही हा विषय काढू नका. त्या माउलीनं तुमचं काही बिघडवलेलं नाही. मुलाचं 'सोडून दे' हे काळजीपोटी आलंय, पण त्या भिंतीत पाणी कुठून शिरतंय हे न शोधता दुसरा माणूस आणलात तर दुसऱ्याचाही रंग सुटेल.

समेट झालाच नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. राहत्या घराचं रंगकाम पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, तिच्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. शहरात राहून गावचं घर रंगवून घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की तक्रार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगातही करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून घेतलंत तर उत्तम. निकालासाठी कायद्यात काही महिन्यांची मुदत सांगितली आहे, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. लग्नाआधी भिंत नीट व्हायला आयोगाचा उपयोग होणार नाही, म्हणून तो मार्ग मी शेवटी ठेवला.

तर त्याला घरी बोलवा, चहा द्या, भिंतीपाशी घेऊन जा आणि ठरेल ते तिथेच कागदावर उतरवा. कुठली भिंत, किती फूट, कुठल्या पुट्टीचा आणि प्रायमरचा थर, कंपनीच्या कुठल्या रंगाचे किती हात, सुरुवात कधी, पाऊस आला तर काय, कुठल्या टप्प्याला किती पैसे, आणि एक पावसाळा पार पडल्यावर द्यायची थोडी रक्कम. दोघांच्या सह्या, इंजिनीअरची साक्ष. येत्या उन्हाळ्यात ज्यांना घर रंगवायचंय त्यांनी हाच कागद काम सुरू व्हायच्या आधी करावा. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याकडे संकोच वाटतो, आणि ओळखीतच वाद जास्त चिघळतात.

तो आला नाही किंवा सही करायला तयार झाला नाही, तर साध्या मराठीत नोटीस लिहा. काम कधी झालं, दोष कधी दिसला, पाहणीत काय आढळलं, किती रक्कम दिली आणि किती कशासाठी रोखली आहे, आणि १५ दिवसांत दुरुस्ती सुरू केली नाहीत तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वळता करीन. ती पोच मिळेल अशा रीतीनं टपालानं पाठवा. मुदत टळल्याशिवाय दुसऱ्या रंगाऱ्याला भिंतीला हात लावू देऊ नका. नोटिशीची प्रत आणि पोच त्या पापुद्र्यांच्या पाकिटांबरोबर एकाच फाइलीत ठेवा, आयोगात जायची वेळ आलीच तर तक्रारीला पहिल्यांदा तेच जोडावं लागेल.